बारावी खुर्ची

मालनबाईने नवऱ्याचा उजवा पाय मांडीवर ओढला आणि वजरीने टाच अशी घासायला घेतली, की पुंजाराम ओट्यावरून वीतभर उडाला.

"अगं, पाय आहे तो, करपलेलं पातेलं नव्हे!"

"गप बसा. गुरुवारी सगळ्या देवळासमोर फादर हा पाय हातात घेणार. तेव्हा लोकांनी काय म्हणावं, मालनबाईच्या घरात साबण नाही?"

सातपूरच्या कारखान्यांच्या मागे जी ख्रिस्ती वस्ती आहे, तिच्या दुसऱ्या गल्लीत हा सोहळा चालला होता. साल अठ्ठ्याण्णव. एप्रिलचं ऊन नुकतं कलतं झालेलं, कंपन्यांची पहिली पाळी सुटलेली, आणि गल्लीत रिकामी माणसं भरपूर. समोरची नवसाबाई तर धुणं पिळायचं सोडून दारातच येऊन उभी राहिली.

"मालन, हळदही लाव गं. नवरदेवच दिसतोय!"

"लावते की. तू अक्षता घेऊन ये."

गल्ली खदखदून हसली. पुंजारामही हसला. त्याच्या छातीत दोन-चार दिवस ढोलकी वाजत होती, ती आणखी जोरात वाजायला लागली.

तशी गोष्टच मोठी होती. उपवासकाळ संपत आला की शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी फादर बारा माणसांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे धुतले होते, त्याची आठवण. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडायच्या, बारा जणांनी उजवा पाय पुढे करायचा, फादरांनी गुडघे टेकून पाणी घालायचं, टॉवेलने पुसायचं आणि पायाचं चुंबन घ्यायचं. वस्तीत ज्याला ती खुर्ची मिळाली, त्याचा मान वर्षभर पुरायचा. सोयरिकीच्या बोलण्यातसुद्धा सांगायचे, "मुलीचा बाप परसाल बारा जणांत होता." आणि एवढा मान मिळाल्यावर मळके पाय घेऊन कोण जाईल? जो तो आधी घरी आठवडाभर पाय घासून, तेल लावून, चकचकीत करून न्यायचा. परातीतलं पाणी बाराव्या माणसापर्यंत निवळ राहायचं. वस्तीला त्याचा अभिमान होता.

त्या बारा खुर्च्या वर्षानुवर्षं पुंजारामच मांडत आला होता. देवळातलं जाजम तो अंथरायचा, पिंप तो भरायचा. उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखाची आठवण करणारी प्रार्थनेची फेरी, वस्तीतून फिरायची तेव्हा लाऊडस्पीकरचा कर्णा त्याच्याच खांद्यावर असायचा. पण बारा जणांत त्याचं नाव कधी आलं नाही. फादर बदलले, मास्तर बदलले, पण त्याच्यावर कोणाची नजर पडली नाही. दरवर्षी खुर्च्या मांडून झाल्या की आजूबाजूला कोणी नाही असं बघून तो शेवटच्या खुर्चीवर जरा वेळ बसायचा, उजवा पाय पुढे करायचा आणि कोणाची चाहूल लागली की चटकन उठून खुर्ची पुसायला लागायचा.

यंदा ती खुर्ची त्याची होती. पण ती त्याच्याकडे आली कशी, ते एकट्या पुंजारामला ठाऊक होतं.

झालं होतं असं. मागच्या पंधरवड्यात क्रूसाची वाट संपली तेव्हा चिमाजी मास्तरांनी त्याला हाक मारली. मास्तर म्हणजे देवळाचे धर्मशिक्षक. फादरांचा उजवा हात.

"पुंजाराम, तुझ्या दादाला निरोप दे. फादरांनी बारा जणांत कोंडाजीचं नाव घातलंय."

पुंजारामच्या खांद्यावरचा कर्णा एकदम जड झाला.

"दादाचं? तो तर देवळात सणासुदीलाच येतो."

"अरे, फादरांची मोटारसायकल गंगापूरच्या वाटेवर बंद पडली होती. ह्या पठ्ठ्याने भर उन्हात गावापर्यंत ढकलत नेली, आणि वर मळ्यावर नेऊन भाकरी खाऊ घातली. फादर म्हणतात, हा माणूस मला पाहिजे. दे निरोप, विसरू नको."

कोंडाजी त्याचा थोरला भाऊ. गंगापूर गावाकडे एका बागाईतदाराच्या द्राक्षमळ्यात राखणीला आणि कामाला होता. तिथेच बायकोबरोबर राहायचा. चपलेचं आणि त्याचं कधी जमलं नाही. पुंजारामला कंपनीत पहिल्यांदा मुलाखतीला बोलावलं, तेव्हा घरात चपलांचा जोड एकच होता. तो धाकट्याच्या पायात घालून कोंडाजी अनवाणी त्याच्यासोबत सातपूरपर्यंत चालत आला होता आणि गेटबाहेर निंबाखाली बसून राहिला होता.

निरोप द्यायचा, असं पुंजारामच्या मनात होतंच. पण शनिवारी जादा पाळी लागली. रविवारी पाहुणे आले. सोमवारी सायकल बाहेर काढली, आणि वळणावर मनात आलं, कर्णा मी वाहायचा, जाजम मी अंथरायचं, उपवासकाळभर तंबाखू मी सोडायची, आणि खुर्ची त्याला? एका भाकरीवर? सायकल परत फिरली.

दोन दिवसांनी नळावर मास्तर भेटले. "काय, दिलास ना निरोप?"

"दिला," पुंजाराम म्हणाला. पुढचं वाक्य तर आपोआपच आलं, जणू तोंडात तयार होऊन बसलं होतं. "पण त्याची छाटणी चालू आहे. नाही म्हणाला. पाय धुवून घ्यायला मला सवड नाही, म्हणाला."

मास्तरांनी भुवया वर केल्या. "असं म्हणाला? बरं. मग तूच बस. इतकी वर्षं राबतोस, तुझाही हक्क आहे."

बस्स! पुंजाराम हंडा न भरताच घरी पळाला. मालनबाईला सांगितलं. मालनबाईने नवसाबाईला सांगितलं, आणि नवसाबाईला सांगितलं म्हणजे नाशिक रोडपर्यंत सांगितलं. गुरुवारच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी मास्तरांनी बारा नावं वाचली आणि शेवटचं नाव पुंजारामचं आलं, तेव्हा दुसऱ्या गल्लीतल्या पोरांनी हातातल्या झावळ्या अशा हलवल्या, की फादरांना डोळे वटारावे लागले. मुलगा ललित रिक्षा चालवायचा. त्याने रिक्षाच्या मागे झेंडूची माळ लावली. मालनबाईने पांढरा लेंगा आणि सदरा शिवायला टाकला. कंपनीतल्या दोस्तांनी भेळ मागून खाल्ली. ते बहुतेक हिंदू. त्यांना नीट काही कळलं नव्हतं, पण पुंजाचा मान होतोय एवढं कळलं आणि तेवढं त्यांना पुरलं.

एकच अडचण होती. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, फादरांनी कपाळाला राख लावता लावता सगळ्यांना एक काम दिलं होतं. "रात्री अंथरुणावर पडलात, की आपला दिवस उलटा चालून या. शेवटापासून सुरुवातीपर्यंत. जिथे पाय अडखळेल तिथे थांबा आणि देवाशी बोला." पुंजारामला हे फार आवडलं होतं. तो न चुकता उलटा चालायचा. सुपरवायझरला दिलेली शिवी, मालनबाईवर काढलेला राग, खिशात लपवलेली तंबाखूची पुडी, सगळ्या ठिकाणी थांबायचा, देवाशी बोलायचा. पण आता चालता चालता नळ आला, मास्तर दिसले, की तो डबकं ओलांडावं तसा तेवढा तुकडा उडी मारून ओलांडायचा. पलीकडे पोचला की म्हणायचा, "बाकी सगळं ठीक, देवा."

मंगळवारी संध्याकाळी पापनिवेदनाला, म्हणजे पडद्याआड फादरांना आपापली पापं सांगायला, रांग लागली. मोठ्या सणाआधी सगळेच येतात. पुंजाराम रांगेत शिरला आणि पुढची बाई मागे वळली. ती सगुणाबाई, कोंडाजीची बायको.

"अगंबाई, भाऊजी! ऐकलं बरं का! तुमचा नंबर लागला!"

पुंजाराम म्हणाला, "हो वहिनी. लागला एकदाचा."

"ह्यांनी ऐकलं आन् बागेत नाचायचेच राह्यले. म्हणत्यात, माझ्या पुंजाला बसवलं! इतकी वर्सं खुर्च्या उचलतोय, आता बसंल. गुरुवारी मालकाला सांगून दुपारीच काम उरकतो म्हणत्यात, येतो बघायला. आन् हे बघा," तिने आवाज खाली केला, "त्यांनी द्राक्षं राखून ठेवल्याती. फादरला आन् तुम्हाला. शेवटच्या घडातली."

रांग एक पाऊल सरकली. सगुणाबाई आत गेली. पुंजाराम पडद्याकडे बघत उभा राहिला. आत जायचं, तंबाखूची पुडी सांगायची, सुपरवायझर सांगायचा. आणि नळ? नळावरचं कसं सांगायचं? सांगितलं तर फादर म्हणतील, जा, आधी भावाकडे जा. आणि लेंगा शिवून तयार आहे. माळ लागली आहे. मालन...

"पोटात कळ आली," मागच्या माणसाला म्हणत तो रांगेतून निघाला आणि तडक घरी आला. मालनबाईने ओवा दिला. बुधवारी तो जेवला नाही. रात्री उलटं चालायलाही बसला नाही. मालनबाई शेजारणींना कौतुकाने सांगत होती, "आनंदाने अन्न जाईना झालंय बाई."

गुरुवार उजाडला तोच गडबडीचा. दुपारी तीननंतर तर घरात कोणी कोणाचं ऐकेना. सहाला मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना. मालनबाईने नवऱ्याला आंघोळ घातली म्हणायचं, कारण हात तिचेच जास्त चालले. पायांना खोबरेल लावलं. मग बाहेरच्या धुळीची धास्ती वाटून दोन्ही पायांत नवे पांढरे मोजे चढवले.

"चपला?" पुंजारामने विचारलं.

"मोज्यावर चपला? वेड लागलं का? ललित दारातून उचलून रिक्षात ठेवेल, देवळाच्या पायरीवर उतरवेल. जमिनीला पाय लावायचा नाही!"

"आई, मिरवणूकच काढू ना," ललित म्हणाला. "बाबांना पाटावर बसवून."

"हस मेल्या. तुझे कोणी धुतील तेव्हा बघू."

ललितने खरंच बापाला पाठंगुळी घेतलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. नवसाबाईने दृष्ट काढली. ती काढू नये असं मास्तर दरवर्षी सांगायचे, पण आज मास्तर इथे नव्हते. मालनबाई बायकांबरोबर चालत पुढे निघाली, आणि रिक्षा झेंडूच्या पाकळ्या सांडत वस्तीबाहेर पडली. डावीकडे देवळाचा रस्ता, उजवीकडे गंगापूरचा.

पुंजाराम आपल्या पांढऱ्या मोज्यांकडे बघत होता. आणि त्याला निंबाखाली बसलेला कोंडाजी दिसला; फुफाट्याने गुडघ्यापर्यंत पांढरे झालेले पाय, आणि तोंडावर हसू, "लागली का रे नोकरी?"

"ललित, उजवीकडे घे."

"बाबा, देऊळ डावीकडे आहे."

"मला शिकवतो? त्याच्या फरशा मी धुतल्यात! उजवीकडे घे, मळ्यावर. पळव!"

"आत्ता? पाच वाजून गेले! आई मला जिवंत ठेवेल का?"

"तिचं मी बघतो. पळव म्हणतो ना!"

रिक्षाने अशी गिरकी घेतली, की एक कुत्रं ओरडत गटारात पडलं. मग कारखान्यांच्या भिंती मागे गेल्या, पाळी संपवून निघालेल्या मोटारसायकली मागे गेल्या, आणि पुंजाराम पुढच्या दांड्याला धरून मुलाच्या कानाशी ओरडत राहिला, "हाण! हाण!" ललितला वाटलं, मळ्यावर कोणी वारलं की काय. त्याने दोनदा विचारलं. उत्तर एकच, "हाण!"  आणि नवल असं, की ज्या माणसाचा जीव दोन दिवस घशाशी आला होता, त्याला आता वारा गोड लागत होता. जे व्हायचं ते होऊ दे, पण आधी पोचू दे!

मळ्याच्या बांधाशी रिक्षा थांबली. पुढे वाट नव्हती, नुकतं पाणी दिलेली सरी होती. पुंजाराम मोज्यांसकट तिच्यात उतरला आणि चिखल उडवत पळत सुटला.

छाटणी झालेली बाग उघडीबोडकी दिसत होती. दुपारीच उरकतो म्हणाला होता, पण मालकाने अजून सोडलं नव्हतं; कोंडाजी एका ओळीच्या टोकाला उकिडवा बसून खोडांना मोरचूद-चुन्याचा लेप देत होता. छाटल्यावर झाडाला रोग लागू नये म्हणून देतात तो, निळा रंग. बादली निळी, कुंचा निळा, हात कोपरापर्यंत निळे आणि अनवाणी पाय घोट्याच्या वरपर्यंत निळेजर्द.

"पुंजा?" तो उठला. "तू हितं? आन् हे काय, मोजं घालून चिखलात? आरं, तुझी खुर्ची..."

"माझी नाही ती!" पुंजाराम धापा टाकत ओरडला. "दादा, माझी नाही. तुझी आहे. फादरांनी तुझं नाव घातलं होतं. मास्तरांनी मला निरोप दिला. मी तुला सांगितलंच नाही."

 कोंडाजी हळूच हसला. "बरं मग? तू बसला काय, मी बसलो काय. मला कुठं हौस हाय पाय धुवून घ्यायची. जा, पळ, टाईम होईल."

इथेच थांबता आलं असतं. भावाने माफ केलं होतं, लेंग्यावर अजून फारसा चिखल नव्हता, खुर्ची रिकामी होती. पुंजारामने क्षणभर तो विचार केलाही. पण डबक्यावरून उडी मारायची ही शेवटची जागा होती आणि त्याने पाय त्यातच घातला.

"एवढंच नाही, दादा. मास्तरांना मी सांगितलं, की तूच नाही म्हणालास. पाय धुवून घ्यायला सवड नाही, असं तू म्हणालास, असं सांगितलं."

कोंडाजीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने कुंचा बादलीत असा आपटला, की निळे शिंतोडे पुंजारामच्या नव्या सदऱ्यावर आले.

"मी? मी देवाला नाय म्हणलो?"

"दादा..."

"खुर्ची घेतलीस तर घे, बापाची जिमीन बी घे! पन माझ्या तोंडात शब्द घातलास? मला देवळात लय जायला जमत नाय, मालक सुट्टी देत नाय. पन त्याने बोलावल्यावर कोंडाजी नाय म्हणला, आसं फादरला वाटलं आसंल. पंधरा दिस वाटलं आसंल! मी तिथं आज येऊन हसत हसत हुबा राह्यलो आसतो, आन् फादर मनात म्हणले आसते, बघा हा निलाजरा!"

 पुंजाराम चिखलात उभा होता. त्याला खुर्ची चोरल्याची लाज होती. आपण खरं काय चोरलं होतं ते आत्ता समजलं.

"चल," तो म्हणाला. "मास्तरांसमोर सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो. फक्त चल."

"नाय येत."

"दादा, आता खरंच नाही म्हणू नको. माझं खोटं खरं करू नको!"

कोंडाजी काही बोलणार, तेवढ्यात झोपडीकडून लुगडं खोचत सगुणाबाई धावत आली. तिच्या हातात द्राक्षांची पाटी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"भांडा, भांडा! उद्या उत्तम शुक्रवार, उद्या दिवसभर उपाशीपोटी भांडा! आधी रिक्षात बसा दोघं! आन् भाऊजी, तुम्ही माझ्या शेजारी बसू नका, नायतर पाटी डोक्यात घालीन."

"आगं, पाय तरी..." कोंडाजी खाली बघत म्हणाला.

"धू पटकन! मोटार चालू कर," पुंजाराम म्हणाला.

"लाईट कवाच गेली."

"मग? असे निळे पाय घेऊन? दादा, तिथे सगळे चकाचक करून येतात रे!"

कोंडाजीने त्याच्याकडे असं बघितलं, जणू धाकट्याला ऊन लागलं असावं. "धुवायलाच चाललोय ना?"

रिक्षा परत उधळली. मागे कोंडाजी आणि सगुणाबाई, पुढे ललितच्या सीटवर एका कुल्ल्यावर पुंजाराम. कोंडाजी तोंड बाहेर करून बसला होता. खड्ड्यात रिक्षा आदळली की सगुणाबाई म्हणायची, "द्राक्षं!" आणि ललित म्हणायचा, "हो काकू!" देऊळ दिसायला लागलं तेव्हा घंटा सुरू झाली होती. गुरुवारची ती घंटा जोरजोरात वाजते, कारण त्यानंतर येशू पुन्हा उठल्याच्या सणाच्या पहाटेपर्यंत ती मुकी असते. टणटण टणटण, सगळं आभाळ हलवत.

दारात चिमाजी मास्तर कपाळाला हात लावून उभे होते. शेजारी मालनबाई, रडवेली. अकरा जण आत बसले होते.

"अरे, होतास कुठे तू! आणि हा काय अवतार?" मास्तर म्हणाले.

 मालनबाईची नजर मोज्यांवर खिळली होती.

पुंजाराम पायरीवर चढला. आत लोकांनी माना वळवल्या होत्या. कर्ण्यातून दर शुक्रवारी दुसऱ्यांचे शब्द वस्तीभर नेणारा त्याचा खांदा. आज स्वतःचा आवाज फुटेना. मग फुटला तो इतका मोठा, की शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"मास्तर, मी खोटं बोललो. दादा नाही म्हणाला नव्हता. मी निरोपच दिला नव्हता. खुर्ची मला पाहिजे होती म्हणून."

घंटा नेमकी त्याच वेळी थांबली. नवसाबाईचा "अगंबाई" तेवढा ऐकू आला.

मास्तरांनी पुंजारामकडे पाहिलं, कोंडाजीकडे पाहिलं आणि मग कोंडाजीच्या पायांकडे पाहिलं. "हे पाय घेऊन?" ते पुटपुटले. पण वेळ नव्हती. त्यांनी कोंडाजीचा निळा हात धरला आणि मधल्या वाटेने पुढे नेला. पांढऱ्या जाजमावर निळी पावलं उमटत गेली. ते जाजम पुंजारामने सकाळीच झटकून अंथरलं होतं.

पुंजाराम मागे, पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहिला. तीच त्याची नेहमीची जागा. मोजे काढून त्याने खिशात कोंबले. मालनबाई येऊन शेजारी उभी राहिली, पण हातभर अंतर ठेवून.

फादरांनी अंगरख्यावर टॉवेल गुंडाळला आणि पहिल्या खुर्चीपुढे गुडघे टेकले. तांब्यातलं पाणी पडलं, परातीत जमलं, पाय पुसला, चुंबन घेतलं. दुसरा, तिसरा. तेल लावलेल्या पायांवरून पाणी मोत्यासारखं घरंगळत होतं. फादरांच्या हातांना काही कामच नव्हतं. अकराव्यापर्यंत परातीत पाणी आरशासारखं होतं.

बाराव्या खुर्चीपुढे फादर थांबले.

कोंडाजीने पाय पुढे केला आणि शरमून पुन्हा मागे घेतला. फादरांनी तो धरून पुढे ओढला. पाणी घातलं. पाणी निळं झालं. आणखी घातलं, चोळलं. परात सगळी निळी झाली आणि पायावर चिखलाचा थर अजून तसाच. फादरांनी बाह्या वर सारल्या. गेली इतकी वर्षं हे काम हळुवार, लाजत चाललं होतं. आज फादर टाच धरून घासत होते, बोटांच्या बेचक्या धूत होते. तांब्या रिकामा झाला. त्यांनी मान वर केली, सगळ्या देवळावरून नजर फिरवली आणि मोठ्याने हाक मारली.

"पुंजाराम! पाणी आण!"

आणि पुंजाराम पळाला! अनवाणी, चिखलाच्या पायांनी, पिंपात बादली बुडवून, पाणी सांडत मधल्या वाटेने पळाला. बादली टेकवतो तोच फादर म्हणाले, "आता तू घाल, मी चोळतो." पुंजारामने तांब्या भरला.  कोंडाजीच्या पायावर त्याने धार धरली, आणि निळ्याखालून, चिखलाखालून तो ओळखीचा पाय हळूहळू वर यायला लागला: अंगठ्याचं फुटलेलं नख, टाचेच्या भेगा, सगळं.

कोंडाजी इतका वेळ समोर वेदीकडे बघत होता. आता त्याने खाली, भावाकडे बघितलं.

"गार हाय रे," तो कुजबुजला. "जरा कोमट मिळालं नाय का?"

पुंजारामच्या घशातून हसू आणि रडू एकदमच बाहेर पडलं. पहिल्या बाकावरच्यांनी ऐकलं होतं. ते हसले, आणि ते हसू बाकाबाकांवरून मागे गेलं. फादरांनी टॉवेलने पाय पुसला, वाकून चुंबन घेतलं. त्यांच्या ओठाला निळं लागलं आणि अंगरख्यालाही. तो डाग पुढे कधी गेला नाही.

"अजून एक बादली," फादर म्हणाले. "जाजम पण धुवायचंय."

पुंजाराम बादली घेऊन पुन्हा पळाला. पिंपाशी पोचला तर दुसरी बादली भरून तयार होती. पदर खोचून मालनबाई उभी होती.

"आठ दिवस घासले ते पाय," ती दात आवळून म्हणाली. "आठ दिवस! घरी चला, मग बघते तुमच्याकडे."

"बघ," पुंजाराम म्हणाला.

"धरा ती कडी. एकट्याने नेलीत तर निम्मं सांडाल."

दोघांनी दोन बाजूंनी कडी धरली आणि खुर्च्यांकडे निघाले, भरभर.